पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट: रोपे पानापासून नव्हे, फुटव्यापासूनच करा

घरात, कार्यालयात, दुकानाच्या दाराशी ठेवण्यासाठी सध्या ज्या शोभिवंत रोपांना कायम मागणी असते, त्यात स्नेक प्लांटचे स्थान वरचे आहे. उभी, जाड, तलवारीसारखी पाने, पानावर गडद-फिकट हिरव्या आडव्या नागमोडी पट्ट्या आणि दोन्ही कडांना पिवळा काठ अशी या झाडाची ओळख. पाणी कमी लागते, सावलीत टिकते आणि वाहतुकीत फारसे खराब होत नाही. त्यामुळे शेडनेट असलेले अनेक शेतकरी जोडधंदा म्हणून या रोपाकडे वळत आहेत. पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन परिसर असो किंवा आंध्र प्रदेशातील कडियम, रोपवाटिकांच्या प्रत्येक मोठ्या पट्ट्यात हे रोप हमखास दिसते.

मात्र या रोपात एक गोष्ट सुरवातीलाच समजून घ्यावी लागते. पिवळ्या काठाच्या झाडाचे पान कापून लावले तर त्यापासून येणारे नवे रोप पिवळ्या काठाचे होत नाही, ते संपूर्ण हिरवे येते. हे माहीत नसल्यास सहा-आठ महिने जागा, माध्यम आणि मजुरी खर्च करून हाती भलताच माल येतो. हे असे का होते, काठ टिकवून रोपे कशी वाढवायची आणि वर्षभर निगा कशी ठेवायची, याची माहिती या लेखात घेऊ.

झाडाची ओळख

या झाडाचे शास्त्रीय नाव पूर्वी सॅन्सेव्हेरिया ट्रायफॅसिआटा असे होते. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा समावेश ड्रॅसिना या प्रजातीत केला असून, आता ते ड्रॅसिना ट्रायफॅसिआटा म्हणून ओळखले जाते. बाजारात मात्र सॅन्सेव्हेरिया आणि स्नेक प्लांट हीच नावे चालतात. झाड मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या उष्ण भागातले. पिवळ्या काठाच्या जातीला ‘लॉरेंटी’ म्हणतात. हे नाव बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ एमील लॉरां यांच्यावरून पडले आहे.

जमिनीखाली हळदीच्या गड्ड्यासारखा आडवा, पिवळसर-नारिंगी कंद असतो. या लेखात त्याला गड्डा म्हटले आहे. गड्डा आडवा पसरत जातो आणि त्याच्या टोकातून नवा फुटवा वर येतो. केळीला मुनवे येतात तसाच हा प्रकार. एका गड्ड्यावर अनेक डोळे असतात, त्यापैकी काही सुप्त राहतात. संवर्धनाच्या दृष्टीने हे डोळेच महत्त्वाचे आहेत.

पाने रसाळ असून त्यात पाणी साठवलेले असते. बहुतेक पिके दिवसा पानांची छिद्रे उघडून कर्बवायू घेतात, हे झाड मात्र मुख्यतः रात्री घेते. निवडुंग, घायपात आणि अननस यांचीही हीच पद्धत. दिवसाच्या उन्हात छिद्रे बंद राहिल्यामुळे पाण्याची मोठी बचत होते. म्हणूनच या झाडाला कमी पाण्याने नव्हे, तर बहुतांश वेळा जास्त पाण्याने नुकसान होते.

पिवळा काठ येतो कसा?

झाडाच्या वाढीच्या टोकाला, म्हणजे वाढबिंदूत, पेशींचे एकावर एक थर असतात. साध्या हिरव्या झाडात सर्व थरांतील पेशी हरितद्रव्य तयार करू शकतात. ‘लॉरेंटी’ जातीत मात्र बाहेरच्या थरातील पेशींमध्ये हरितद्रव्य तयार करण्याची क्षमता नसते, आतल्या थरातील पेशींमध्ये ती असते. पान तयार होताना बाहेरच्या थरापासून कडेचा भाग बनतो, तो पिवळा दिसतो. आतल्या थरापासून मधला भाग बनतो, तो हिरवा दिसतो. थोडक्यात, एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात.

आता पानाचा तुकडा लावला की काय होते ते पाहू. पानावर डोळा नसतो. त्यामुळे कापलेल्या जागी मुळे आल्यानंतर झाडाला अगदी नव्याने वाढबिंदू तयार करावा लागतो. हा नवा वाढबिंदू पानाच्या आतील हिरव्या पेशींपासून तयार होतो. त्यात थरांची मूळ रचना उतरत नाही, म्हणून नवे रोप संपूर्ण हिरवे येते. समजा एखादा कोंब केवळ पिवळ्या पेशींपासून आला, तर त्यात हरितद्रव्यच नसते. मुख्य झाडापासून तोडल्यावर तो स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही आणि जगत नाही.

गड्ड्यावरील फुटव्याचे तसे नाही. गड्ड्यावरचा डोळा आधीपासून तयार असतो आणि त्यात दोन्ही थर जसेच्या तसे असतात. त्यामुळे फुटवा वेगळा करून लावला की काठ कायम राहतो.

पानावरील आडव्या नागमोडी पट्ट्यांचे कारण वेगळे आहे. त्या पट्ट्या झाडाच्या मूळ गुणधर्माचा भाग आहेत. त्यामुळे पानापासून केलेल्या रोपातही त्या दिसतात, केवळ पिवळा काठ नाहीसा होतो.

हाच नियम इतर चट्टेरी रसाळ झाडांना

विस्तार कार्यकर्त्यांना शेतकऱ्यांकडून ‘अमुक झाडाचे काय’ असा प्रश्न वारंवार येतो. त्यासाठी एक सोपी कसोटी लक्षात ठेवावी: आधीपासून असलेल्या डोळ्यातून वाढ झाली तर रंग बहुतेक टिकतो, डोळा नसलेल्या भागातून नवा कोंब आला तर रंग जाण्याची शक्यता जास्त असते.

- पिवळ्या काठाचा घायपात: बुंध्याजवळ येणारे फुटवे वेगळे करून लावावेत.
- चट्टेरी पानांचे पोर्टुलाकेरिया (बाजारात याला अनेकदा जेड म्हणतात): फांदीचे काप लावावेत. फांदीवर पानाच्या बेचक्यात डोळे असतात, त्यामुळे रंग टिकतो.
- चट्टेरी क्रॅसुला: चांगल्या रंगाच्या फांदीचे शेंडे लावावेत, सुटी पाने लावू नयेत.
- बुटकी गोल्डन हानी ही स्नेक प्लांटची जात: फुटव्यापासूनच रोपे करावीत. ‘हानी’ ही बुटकी, गुलाबाच्या फुलासारख्या रचनेची जात १९३९ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील एका रोपवाटिकेत आढळली. पिवळ्या रंगाची गोल्डन हानी ही तिच्यापासूनच पुढे आली.

पानाचा मोह का होतो?

हिशेब पाहिला की मोह का होतो ते कळते. समजा, तुमच्याकडे सहा पानांचे एक चांगले झाड आहे. प्रत्येक पानाचे सहा तुकडे केले तर ३६ तुकडे होतात. त्याच झाडापासून वर्षभरात तीन-चार फुटवे मिळाले, तर तेवढीच रोपे तयार होतात. ३६ आणि चार यात कोणालाही ३६ चा आकडा मोठा वाटेल. पण ही ३६ रोपे हिरवी असतील. हिरव्या स्नेक प्लांटलाही गिऱ्हाईक आहे, परंतु पिवळ्या काठाच्या मालाची ऑर्डर घेतली असेल तर ही रोपे तिथे चालणार नाहीत.

यातला दुसरा धोका खरेदीच्या वेळी असतो. पानाच्या तुकड्याला मुळे आली तरी त्या तुकड्याचा काठ पिवळाच राहतो, कारण तो जुन्या पानाचा भाग असतो. असे मुळे आलेले तुकडे छोट्या पिशवीत ‘पिवळ्या काठाची रोपे’ म्हणून विकले जातात. घेणाऱ्याला काठ दिसतो, तो निश्चिंत होतो. दोन-तीन महिन्यांनी बाजूने कोंब येतो तो हिरवा, आणि मूळ तुकडा तसाच राहतो, तो पुढे वाढत नाही.

मोठी खरेदी करण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

- पाच-दहा पिशव्यांतील रोपे मातीतून काढून पाहावीत. बुंध्याशी गड्ड्याचा तुकडा असला पाहिजे.
- पान बुंध्याशी आडवे, सरळ कापलेले दिसले तर ते पानाचे काप आहे.
- फुटव्यात मधून नवे पान बाहेर पडत असते. कापात एकच पान उभे असते, त्यातून नवे पान निघत नाही.
- सर्वांत नवे, कोवळे पान पाहावे. त्याच्या दोन्ही कडांना काठ असेल तरच रोप पिवळ्या काठाचे समजावे.
- उतिसंवर्धित रोपे घेत असाल तर काठ दिसू लागलेलीच घ्यावीत. प्रयोगशाळेत पेशींपासून नव्याने कोंब तयार होताना थरांची रचना मोडू शकते.

जागा आणि सावली

तापमान १८ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर वाढ चांगली होते. उन्हाळ्यातील जास्त तापमान झाड सहन करते, मात्र सावली आणि हवा खेळती हवी. कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि गोव्यात ५० टक्के सावलीची शेडनेट पुरेशी ठरते. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात मार्च ते जून या काळात ७५ टक्के सावली ठेवावी. कायम दाट जाळी लावण्यापेक्षा ५० टक्क्यांच्या जाळीवर उन्हाळ्यापुरती दुसरी जाळी ओढणे सोयीचे पडते.

हे झाड अंधारातही जगते, असे सांगितले जाते. जगते हे खरे, पण वाढत नाही. फार कमी उजेडात पाने अरुंद व लांब होतात, कलतात आणि आडव्या पट्ट्यांचा उठाव कमी होतो. उलट थेट प्रखर उन्हात पिवळा काठ आधी पांढुरका पडतो आणि नंतर करपतो, कारण त्या भागात हरितद्रव्याचे संरक्षण नसते. सावलीतली रोपे एकदम उन्हात नेऊ नयेत. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सवय करावी.

थंडीकडे दुर्लक्ष करू नये. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली गेले की पानांना इजा होते. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत असे दिवस येतात. इजा लगेच दिसत नाही. काही दिवसांनी पानावर पाणी भरल्यासारखे, नंतर पांढरे किंवा तपकिरी होणारे खोलगट डाग दिसतात. त्यामुळे शेतकऱ्याला तो रोग वाटतो आणि बुरशीनाशकाची फवारणी केली जाते. थंडीत रात्री शेडनेटच्या बाजू झाकाव्यात, संध्याकाळी पाणी देऊ नये.

शेडनेटमुळे ऊन अडते, पाऊस अडत नाही. कोकण आणि घाटमाथ्यालगत पावसाळ्यात कुंड्या आठवडेच्या आठवडे भिजत राहतात आणि गड्डे कुजतात. जूनपूर्वी जाळीच्या वर पॉलिथिनचे आच्छादन करावे किंवा रोपे पत्र्याच्या पारदर्शक छपराखाली हलवावीत. कुंड्या थेट जमिनीवर न ठेवता खडीच्या थरावर किंवा विटांवर ठेवाव्यात.

माध्यम आणि कुंडी

पाणी लवकर निचरणारे माध्यम ही पहिली अट आहे. पुढील मिश्रण वापरता येईल.

- लाल किंवा पोयट्याची माती: १ भाग
- जाडसर वाळू किंवा विटांचा बारीक चुरा: १ भाग
- धुतलेले कोकोपीट: १ भाग
- पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत: अर्धा भाग

काळी चिकण माती टाळावी. ती ओली झाली की चिकटते, सुकली की आवळते आणि भेगा पडतात. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. मिश्रणाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा.

माती वापरणार असाल तर सूत्रकृमींचा धोका लक्षात घ्यावा. मुळांवर गाठी आल्या की झाडाची वाढ थांबते आणि रोपांबरोबर सूत्रकृमी गिऱ्हाइकाच्या बागेत जातात. एप्रिल-मे महिन्यात माती ओली करून तिचा पातळ थर पसरावा, वरून पारदर्शक पॉलिथिन अंथरून कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्यावी. माध्यम भरताना ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून वापरावे.

कुंडी गरजेपेक्षा मोठी घेऊ नये. मोठ्या कुंडीत मुळे न पोचलेली माती ओली राहते आणि कूज सुरू होते. फुटव्यासाठी चार इंची, विक्रीच्या झाडासाठी सहा ते आठ इंची कुंडी पुरते. उंच पानांची झाडे हलक्या प्लॅस्टिक कुंडीत कलंडतात, त्यासाठी तळाशी खडीचा थर द्यावा. गड्डे जोरात वाढले की पातळ कुंडी फुगते किंवा फुटते. असे दिसले की झाड फुटवे काढण्यायोग्य झाले, असे समजावे.

फुटवे वेगळे करण्याची पद्धत

योग्य काळ: फेब्रुवारी अखेर ते मे. पाऊस संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही करता येते. भर पावसात आणि कडाक्याच्या थंडीत करू नये.

१. चार-पाच दिवस आधी पाणी बंद करावे. माध्यम सुकले की मुळे न तुटता झाड बाहेर येते.

२. फुटव्याला किमान तीन-चार पाने आणि स्वतःची मुळे असावीत. मुख्य झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांश ते निम्मी उंची झालेला फुटवा योग्य. फार लहान फुटवा काढला तर तो महिनोन्महिने बसून राहतो.

३. कुंडी आडवी करून झाड हलक्या हाताने काढावे. पाने धरून ओढू नये. माती झाडून गड्डा कुठून कुठे गेला आहे ते पाहावे.

४. धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्यावा. प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसावा. मऊ कूज एका झाडावरून दुसऱ्यावर चाकूनेच जाते.

५. फुटवा आणि मुख्य झाड यांना जोडणारा गड्डा एकाच घावात कापावा. फुटव्याकडे गड्ड्याचा तुकडा राहिला पाहिजे.

६. दोन्ही बाजूंच्या कापलेल्या भागावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावावी.

७. फुटवे सावलीत, हवेशीर जागी एक-दोन दिवस पसरून ठेवावेत. घाव सुकल्याशिवाय लावू नये. ही पायरी गाळल्यामुळे सर्वाधिक रोपे कुजतात.

८. आधी जितक्या खोलीवर होते तितक्याच खोलीवर लावावे. पाने मातीत गाडली जाऊ नयेत. गरज असल्यास काडीचा आधार द्यावा.

९. माध्यम किंचित ओलसर असावे. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नये, नंतर बेताने द्यावे. साधारण चार ते सहा आठवड्यांत नवी मुळे धरतात.

फुटवा काढल्यानंतर मुख्य झाडाकडे उरलेल्या गड्ड्यावरील सुप्त डोळे फुटू लागतात आणि नवे फुटवे येतात. डोळा असलेला गड्ड्याचा सुटा तुकडाही आडवा लावून रोप करता येते, मात्र त्याला वेळ लागतो.

मातृरोपांचा वाफा स्वतंत्र ठेवा

या व्यवसायाचा पाया म्हणजे मातृरोपे. विक्रीच्या मालातून उरलेल्या झाडांपासून फुटवे घेण्याची पद्धत दीर्घकाळ चालत नाही, कारण चांगली झाडे विकली जातात आणि कमजोर झाडे मागे राहतात. मातृरोपे वेगळी ठेवून ती विकू नयेत.

निवड करताना काठ दोन्ही बाजूंना, बुंध्यापासून टोकापर्यंत सलग आणि शक्यतो सारख्या रुंदीचा असावा. पाने ताठ, रुंद व डागविरहित असावीत. प्रत्येक मातृरोपाला क्रमांक देऊन वर्षात किती फुटवे मिळाले आणि काठ कसा आला याची नोंद ठेवावी. दोन वर्षांत कोणती झाडे ठेवायची ते नोंदीवरूनच ठरते.

वाफ्यात तीन प्रकारचे फुटवे दिसू शकतात.

- दोन्ही कडांना काठ असलेले: हेच पुढे वाढवावेत.
- पूर्ण हिरवे: एखाद्या डोळ्यातील बाहेरचा थर सुटला की असा फुटवा येतो. त्यात हरितद्रव्य जास्त असल्यामुळे तो जोरात वाढतो आणि काठाच्या फुटव्यांना मागे टाकतो. दिसताच गड्ड्यासह काढावा. वेगळ्या कुंडीत लावून हिरवा स्नेक प्लांट म्हणून विकता येतो.
- पूर्ण पिवळे: दिसायला आकर्षक, परंतु मुख्य झाडाच्या अन्नावर जगतात. वेगळे केल्यास मरतात. विक्रीसाठी तोडू नयेत.

रोपांची संख्या ठरवताना उलट्या बाजूने हिशेब करावा. उदाहरणार्थ, वर्षाला ६०० रोपे विकायची आहेत आणि तुमच्या नोंदीनुसार एका मातृरोपापासून तीन चांगले फुटवे मिळतात, तर २०० मातृरोपे लागतील. मर आणि हिरवे फुटवे गृहीत धरून त्यात थोडी वाढ करावी. पहिल्या वर्षी मिळालेले फुटवे विकण्याऐवजी मातृरोपे वाढवण्यासाठी वापरले, तर बाहेरून माल आणण्याची गरज लवकर संपते. घाईची ऑर्डर घेऊन बाहेरचा माल मिसळला तर काठाची खात्री राहत नाही.

पाणी

वेळापत्रकापेक्षा माध्यम पाहून पाणी द्यावे. वरची दोन इंच माती पूर्ण सुकली की पाणी द्यावे आणि ते तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्यावे. थोडे थोडे रोज देणे चुकीचे.

- उन्हाळा: साधारण ५ ते ७ दिवसांनी
- पावसाळा (आच्छादनाखाली): १० ते १२ दिवसांनी
- हिवाळा: १२ ते १५ दिवसांनी किंवा त्याहून उशिरा

पाणी मातीवर द्यावे. पानांच्या मध्यभागी, जिथून नवे पान निघते त्या पोकळीत पाणी साचू देऊ नये. बुटक्या हानी प्रकारात ही पोकळी पेल्यासारखी असते, त्यामुळे तिथे विशेष काळजी घ्यावी. तुषार सिंचनापेक्षा ठिबक किंवा झारीने पाणी देणे चांगले.

पाने सुरकुतली की लगेच पाणी वाढवू नये. आधी माती पाहावी. माती कोरडी असेल तर तहान आहे. माती ओली असूनही पाने सुरकुतली असतील तर मुळे कुजली आहेत, अशा वेळी पाणी दिल्यास झाड जाईल.

खत

झाडाची भूक कमी आहे. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत २ ग्रॅम प्रति लिटर पाणी या प्रमाणात महिन्यातून एकदा आळवणीद्वारे द्यावे. हिवाळ्यात खत बंद ठेवावे. नुकत्याच लावलेल्या फुटव्यांना मुळे धरेपर्यंत खत देऊ नये.

युरियाचा मारा करून झाड लवकर मोठे करण्याचा प्रयत्न करू नये. पाने मऊ, लुसलुशीत होतात, कलतात आणि कूज लवकर लागते.

रोग व कीड

मऊ कूज: जिवाणूंमुळे होते. पान बुंध्याशी पाणी भरल्यासारखे होते, घाण वास येतो आणि पान सहज उपटून येते. यावर औषधापेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा. बाधित झाड माध्यमासह काढून टाकावे. शेजारच्या कुंड्यांचे पाणी थांबवावे. बाधित नसलेला गड्ड्याचा भाग वाचवायचा असल्यास पांढरा, टणक भाग दिसेपर्यंत कापून, घाव सुकवून नव्या माध्यमात लावावा.

बुंधा कूज: जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी गोळे दिसतात. उष्ण, दमट हवेत वाढते. बाधित झाडे वेचून नष्ट करावीत, ते माध्यम पुन्हा वापरू नये.

पानांवरील ठिपके आणि करपा: बुरशीमुळे गोल, पाणी भरल्यासारखे, नंतर तपकिरी होणारे ठिपके येतात. करप्याच्या ठिपक्यात वर्तुळाकार रचनेत बारीक काळे बिंदू दिसतात. पाने ओली ठेवू नयेत, कुंड्यांत अंतर वाढवावे, बाधित पाने बुंध्यापासून काढावीत. गरज भासल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे.

पिठ्या ढेकूण: पानांच्या बेचक्यात आणि मुळांवर कापसासारखे पुंजके दिसतात. थोडी झाडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावेत. जास्त प्रमाणात असल्यास लेकॅनिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात संध्याकाळी फवारावे.

फुलकिडे व कोळी: पानांवर चंदेरी ओरखडे किंवा फिकट बारीक ठिपके दिसतात. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. पिवळ्या काठावर कोणतेही औषध आधी दोन-चार झाडांवर फवारून पाहावे, मगच सर्वत्र घ्यावे. तो भाग लवकर भाजतो.

गोगलगाय: पावसाळ्यात शंखी गोगलगाय पानांच्या कडा खाते. काठ कुरतडला गेला की ते झाड विक्रीतून बाद होते. संध्याकाळी ओली गोणपाटे पसरून ठेवावीत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून नष्ट कराव्यात. शेडनेटच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढावा.

रासायनिक औषध वापरण्यापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

पिवळेपणा जातीचा की रोगाचा?

जातीचा काठ पान बाहेर पडतानाच असतो. त्याची हिरव्या भागाशी सीमा रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असते आणि तो भाग टणक असतो. रोगाचा किंवा मुळे कुजल्याचा पिवळेपणा नंतर येतो, बहुधा बुंध्याकडून किंवा टोकाकडून पसरतो, सीमा पुसट असते आणि दाबल्यास भाग मऊ लागतो.

विक्रीची तयारी

या झाडाच्या पानावरचा ओरखडा भरून येत नाही आणि तुटलेले टोक पुन्हा वाढत नाही. एका पानावरचा डाग वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यामुळे हाताळणी आणि वाहतूक जपून करावी. विक्रीपूर्वी आठवडाभर पाणी बंद ठेवावे, पाने ओल्या मऊ कापडाने पुसावीत, तेल किंवा चकाकी देणारे द्रव लावू नये. प्रत्येक झाडाला कागदी नळी घालून उभे भरावे. प्रतवारी उंची, पानांची संख्या, काठाची सलगता आणि टोके शाबूत असणे यावर करावी. हिरवे आणि काठाचे रोप वेगळे लेबल लावून विकावे.

‘हवा शुद्ध करणारे झाड’ अशी जाहिरात सर्रास केली जाते. तिचा आधार १९८९ मधील नासाचा अभ्यास आहे. तो अभ्यास छोट्या बंदिस्त कक्षात केलेला होता. दारे-खिडक्या असलेल्या घरात एक-दोन कुंड्यांनी हवेत मोजण्याजोगा फरक पडत नाही. गिऱ्हाइकाला कमी पाणी, कमी निगा आणि टिकाऊपणा हे खरे गुण सांगावेत, तेवढे पुरेसे आहेत.

झाडात सॅपोनिन नावाचे घटक असतात. कुत्र्या-मांजरांनी पाने चावल्यास लाळ गळणे, उलटी, जुलाब होऊ शकतात. लहान मुले व पाळीव प्राणी असलेल्या गिऱ्हाइकाला हे सांगावे. छाटलेली पाने जनावरांच्या गव्हाणीत टाकू नयेत. टाकाऊ गड्डे ओढ्याकाठी किंवा रानात फेकू नयेत. ते तिथे रुजतात आणि पसरतात. वाळवून नष्ट करावेत.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

- पानापासून केलेले रोप हिरवे येते. पिवळ्या काठासाठी फुटवा हाच मार्ग.
- रोपे विकत घेताना सर्वांत नव्या पानाचा काठ आणि बुंध्याचा गड्डा पाहावा.
- मातृरोपे वेगळी ठेवावीत, हिरवे फुटवे दिसताच काढावेत.
- घाव सुकवल्याशिवाय फुटवा लावू नये.
- पावसाळ्यात शेडनेटवर आच्छादन करावे, माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये.
- हिरवी रोपे वाया जात नाहीत, पण ती हिरवी म्हणूनच विकावीत.